सुषमाला गाडी चालू करता येत होती

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
पोलीस दूरक्षेत्र, लवणवाडी,
ता. शिरूर, जि. पुणे.

अर्जदार : हनुमंत शंभू कोकरे, वय ५८, धंदा शेती, रा. कोकरेवस्ती, वडगाव रासाई, ता. शिरूर.

विषय : अर्जदाराची मयत पत्नी सुषमा हनुमंत कोकरे यांना गाडी चालू करता येत नव्हती, ही अहवालातील ओळ खोडून त्या जागी अर्जदाराची चूक लिहिण्याबाबत.

संदर्भ : १) अकस्मात मृत्यू चौकशी अहवाल, दि. ४ फेब्रुवारी २०२५.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, दि. १७ फेब्रुवारी व १० मार्च २०२५.

महोदय,

सोमवार दि. १३ जानेवारी रोजी अर्जदार पाटसला कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉलीजवळ उभा होता. ट्रॅक्टर शेजारचे सर्जेराव यांचा, ऊस अर्जदाराचा. पावणेबाराच्या सुमारास सर्जेरावांना त्यांच्या पत्नी साखरबाई यांचा फोन आला. सर्जेरावांनी ऐकले, अर्जदाराकडे पाहिले आणि फोन अर्जदाराच्या हातात दिला. साखरबाई म्हणाल्या, "भावजी, सुषमा गाडीत बसलीया. हाका मारल्या तरी बोलत न्हाई."

अर्जदाराचा फोन कोटाच्या खिशात होता आणि कोट ट्रॉलीला अडकवलेला होता. काढून पाहिला तर सुषमाचे दोन फोन येऊन गेले होते, नऊ बाराला आणि नऊ एकवीसला. मधल्या वेळेत तिने मुलगी अंकिता हिला लावला होता. अंकिता कारेगावला राहते व कंपनीत कामाला आहे. तिथे आत जाताना फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. सुषमाने १०८ ला फोन केला नाही. गाडी दारात होती आणि ती स्वतः चालवायची, म्हणून केला नसावा.

शवविच्छेदनात हृदयविकाराचा झटका निघाला. त्याबद्दल अर्जदाराची कुणाविरुद्ध तक्रार नाही. वेळेत दवाखान्यात गेली असती तर वाचली असती का, असे डॉक्टरांना विचारले. सांगता येत नाही, असे ते म्हणाले. अर्जदारही तसे म्हणत नाही. तक्रार फक्त अहवालातील पुढील ओळीबद्दल आहे :

"वाहन तपासणीत सुस्थितीत व चालू आढळले. मयत महिलेस वाहन चालू करण्याची पद्धत अवगत नसावी. उजव्या हातात किल्ली असल्याने ती किल्ली घालण्याची जागा शोधत असावी."

याबाबत अर्जदाराचे म्हणणे खालीलप्रमाणे आहे.

१. ही गाडी हायब्रिड आहे, म्हणजे पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही. अंकिताने ती जुनी घेऊन आईला दिली. ऊस तुटलेल्या रानात दोन महिने तिने आईला चालवायला शिकवले. अर्जदाराच्या वडिलांनी जन्मभर मेंढरांमागे पायी वाट तुडवली. आमच्या भावकीत चारचाकी चालवणारी सुषमा पहिली बाई. दीड वर्षात ती शिरूरला, दौंडला, एकदा पुण्यालाही एकटी जाऊन आली. अर्जदाराला मोटारसायकलीपलीकडे काही चालवता येत नाही.

२. या गाडीला किल्ली घालण्याची जागाच नाही. ब्रेक दाबून बटण दाबायचे असते. किल्ली ओळखू आली नाही तर ती बटणाला टेकवून धरायची, असे गाडीच्या पुस्तकात आहे. पंचनाम्यात लिहिले आहे की सुषमाचा उजवा पाय ब्रेकवर होता, चप्पल बाजूला काढलेली होती आणि किल्ली बटणापाशी होती. ती जागा शोधत नव्हती. बटणाने होईना म्हणून ती पुढची पायरी करत होती. छातीत कळ येत असताना तिला ते आठवले.

३. गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी सीटखाली असते, ती गाडी ओढते. छोटी बारा व्होल्टची बॉनेटखाली असते. छोटी गाडी ओढत नाही, पण बटण दाबल्यावर गाडीतला संगणक तीच जागा करते आणि मोठ्या बॅटरीची जोडणीही तिच्याच करंटवर होते. छोटी उतरली की मोठी कितीही भरलेली असो, गाडी जागची हलत नाही. मोठी सत्तर टक्के भरलेली होती, असे अहवालात आहे. ते खरे आहे. छोटीबद्दल अहवालात एक शब्द नाही.

४. तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी बटण दाबले तेव्हा काचेमागचे दिवे मिणमिणले आणि विझले. मग त्यांनी आपल्या जीपवरून केबल लावून करंट दिला आणि गाडी लगेच चालू झाली. ते म्हणाले, "चालू हाय की! बाईला जमलं नसंल." आणि तसे लिहिले. केबलचे दुसरे टोक अर्जदाराने धरले होते. गाडी का बंद आहे हे त्या क्षणी अर्जदाराला कळले होते. अर्जदार गप्प बसला आणि खाली सही केली.

५. पुढचे अर्जदार म्हणून लिहिता येत नाही, मी म्हणून लिहितो. शुक्रवारी दि. १० जानेवारीला सर्जेरावांचा ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉलीसकट आमच्या दारात बंद पडला. त्यांचा कारखान्यातला नंबर जाणार होता. आमच्याकडे अशा वेळी कुणी कुणाला करंट द्यायला नाही म्हणत नाही. मी केबल आणली. सुषमा म्हणाली, "अवं, पुस्तकात लिवलंय, दुसऱ्या गाडीला करंट द्यायचा न्हाई." मी सर्जेरावांसमोर हसलो. म्हणालो, "एवढी मोठी बॅटरी घेऊन बसलीय, शेजाऱ्याला घोटभर दिली तर काय संपती व्हय?" सर्जेरावही म्हणाले, "वहिनी, तुमची गाडी काय लोणच्याची बरणी हाय का, हात लावला की नासायला?" तीही हसली आणि बाजूला झाली. ट्रॅक्टरने चार-पाच वेळा स्टार्टर मारला आणि चालू झाला. तो करंट मोठ्या बॅटरीचा नव्हता. सगळा छोटीने दिला. सुषमा म्हणाली, "निदान एक फेरी मारून येते, चार्ज होऊ द्या." मी म्हणालो, "सोमवारी शिरूरला जायचंच हाय, तवा हुईल."

गाडी तीन दिवस जागेवर उभी राहिली. सोमवारी सकाळी मला अचानक कारखान्याचा नंबर आला आणि मी त्याच ट्रॅक्टरवर बसून पाटसला गेलो. शिरूरचे राहिले. ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात चालू झाला होता.

६. पहिला अर्ज दिला तेव्हा, गाडीचे काम परिवहन खात्याचे, असे सांगण्यात आले. तिथे विचारले, तर गाडी रस्त्यावर नव्हती, दारात उभी होती, म्हणून अपघातात बसत नाही. दुसऱ्या अर्जावेळी आपल्या दूरक्षेत्रातील हवालदार म्हणाले, "मामा, सगळी दुसऱ्यावर अर्ज देत्यात. सवताच्या विरोधात अर्ज घ्यायला आमच्याकडं रकानाच न्हाई." ते वाईट बोलले नाहीत, चहाही पाजला. पण अर्ज फाईलला लागला आणि ओळ तशीच राहिली.

७. ही ओळ कागदापुरती राहिलेली नाही. तपासणीच्या वेळचे साहेबांचे बोलणे अहवालाआधीच गावात पसरले होते. दहाव्याला नदीवर पारावर बसलेली माणसे म्हणत होती, बायकांच्या हातात गाडी दिली की असं व्हतं. अंकिता तिथेच भाताचे ताट घेऊन उभी होती. पुढे अहवालही तिने स्वतः वाचला. मला म्हणाली, "आप्पा, मीच आईला नीट शिकवलं न्हाई. किल्लीचं मी एकदाच दाखवलं हुतं." त्यानंतर ती घरी आलेली नाही. फोन केला तर जेवलात का एवढेच विचारते. कंपनीत दोन पाळ्या सलग करते, असे तिच्या खोलीतल्या मुलीकडून कळले. तिने एकदाच दाखवले होते आणि तिच्या आईने ते मरताना बरोबर केले, हे तिला माहीत नाही.

तरी विनंती की, (अ) छोटी बॅटरी काढून तपासावी. ती अजून गाडीतच आहे, मी हात लावलेला नाही. (आ) वरील ओळ खोडून, मयत महिलेस पद्धत पूर्ण अवगत होती व गाडी पतीच्या चुकीमुळे बंद होती, असे लिहावे. त्यासाठी जी कारवाई होईल ती मान्य आहे. (इ) दुरुस्त अहवालाची एक प्रत अंकिता हनुमंत कोकरे, कारेगाव, या पत्त्यावर सरकारी टपालाने पाठवावी.

तिसरी मागणी आपल्या कामात बसत नाही, हे मला समजते. मुलीला बापाने सांगायचे असते. मार्चपासून चार वेळा कारेगावला गेलो. दोनदा तिच्या खोलीखालच्या टपरीवर चहा घेऊन परत आलो. दोनदा वर गेलो, तिने चहा केला, तो घेऊन परत आलो.

अंकिताला अजून सांगितलेले नाही.

हनुमंत शंभू कोकरे
(सही)
वडगाव रासाई, दि. २१ एप्रिल २०२५

सोबत :
१) चौकशी अहवाल व पंचनाम्याची झेरॉक्स.
२) गाडीच्या पुस्तकातील दोन पाने. दुसऱ्या गाडीला करंट देऊ नये, या ओळीखालची पेन्सिलीची रेघ सुषमाची आहे.
३) सर्जेराव यांचा जबाब. त्यांनी स्वतःहून दिला आहे.