बोअरच्या पाण्यातला मंद उजेड

मंगळवार, संध्याकाळ

चिडचिड अजून गेलेली नाही. आज प्रयोगशाळेत आमच्या गल्लीतल्या बोअरचं पाणी सेन्सरवर घातलं आणि उजेड मंदावला. हलकी वीज दिली की सेन्सरवरचे आमचे नॅनोकण छान निळसर उजळतात. पाण्यात शिसं असलं की मंदावतात. माझे गाईड सर म्हणाले, "लोखंडानंही मंदावतात. हा नमुना सोडून दे, आपला शोधाचा पेपर छापायचा अडकेल."

सोडून कसा देऊ? त्याच पाण्यात वहिनी बाळाची दुधाची पावडर कालवते.

मग लोखंडाला बांधून ठेवणारं रसायन घालून पुन्हा बघितलं. उजेड तेवढाच मंद. म्हणजे लोखंड नव्हेच. सरांना बोलावलं. त्यांनी स्क्रीनवर दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहिले. "दुसऱ्या प्रयोगशाळेतून खात्री करून घेऊ," म्हणाले. पेपरचं नाव काढलं नाही.

मी चुकले असेन का? असेनही. चुकले तर आनंदच आहे, गल्लीत सगळ्यांसमोर सांगेन. पण निकाल येईपर्यंत बाळाला ते पाणी नाही म्हणजे नाही.

घरी आल्या आल्या वहिनीला सांगितलं. ती करमाळ्याकडची, पाण्याच्या बाबतीत काटेकोर. "उकळूनच देते की मी, वन्सं. लई स्वच्छ हाय पानी."

"उकळून शिसं जात नाही, वहिनी."

बाटली भरलेली होती, बाळ भुकेनं रडत होतं. पुरावा वगैरे तिनं काही विचारला नाही. बाटली मोरीत ओतली आणि म्हणाली, "जारचं पानी घेऊन या. पळा."

पळाले.