अजून पाणी येतंय

अप्पा,

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि मला तुमचा राग आला तो गेल्या महिन्यात. अजून उतरत नाही. शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, जमेल असं वाटत नाही.

तुम्ही रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर होता आणि घरीही तुमच्या बोलण्यात दुसरं काही नसायचं. क्वार्टर्समधल्या जेवणाच्या टेबलावर माझ्या वहीत तुम्ही तो उंच कॉलम काढून दाखवला होता. क्रूड आधी भट्टीत साडेतीनशे अंशांपर्यंत तापवायचं, मग कॉलमच्या खालच्या भागात सोडायचं. वाफ एकेका ट्रेमधून वर चढते, चढताना निवते आणि जिला जिथे निवायचं तिथे तिचं पुन्हा तेल होतं. डिझेल खाली, त्याच्यावर रॉकेल, सगळ्यात वर नाफ्था, आणि जे उकळतच नाही ते काळं, दाट, तळाला. एकदा मी बटाट्याच्या ओल्या काचऱ्या गरम तेलात टाकल्या, तेल उसळलं, तेव्हा तुम्ही मला हाताला धरून मागे ओढलंत आणि रागावलात. "पाण्याची वाफ झाली की तिला हजारपटीहून जास्त जागा लागते. आमच्याकडे तळाला पाणी राहिलं आणि त्यावर गरम तेल आलं, तर लोखंडी ट्रे पत्त्यांसारखे उडतील." म्हणजे तुम्हाला माहीत होतं. राग त्याचाच आहे.

मी बारावीत होते, घरात पहिला मोबाइल नुकताच आला होता. शटडाऊन संपून युनिट सुरू होत होतं. कॉलमखाली, पाणी काढायच्या व्हॉल्व्हपाशी, मामा उभे होते. जवळच्या एन्नोर गावचे, कंत्राटावरचे कामगार. दर पोंगलला ते आपल्याकडे ऊस घेऊन यायचे, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचे. भर दुपारी मोठा आवाज झाला. कुणाला लागलं नाही, पण आतले ट्रे निखळले आणि युनिट पुन्हा बंद करावं लागलं. चौकशीत तुम्ही सांगितलंत, सगळं पाणी निघालं असं खालून कळवलं होतं. मामांचं काम गेलं. घरी येऊन तुम्ही म्हणालात, "त्याने नीट पाहिलं नाही," आणि आईने वाढलेला रसमभात जेवलात.

आठवड्याने मामा दारात येतात. तुम्ही स्वयंपाकघरातून मला मानेनेच नाही म्हणून खुणावता. मी दार अर्धवट उघडून तमिळमध्ये सांगते, अप्पा घरी नाहीत. ते "सरी मा", बरं, एवढंच म्हणून जिना उतरतात.

गेल्या महिन्यात ओरगडमच्या एका कारखान्यात कामासाठी गेले होते. गेटवर सही करायला रजिस्टर पुढे केलं ते मामांनी. केस पांढरे, अंगात सिक्युरिटीचा सैल शर्ट. त्यांनीच मला ओळखलं, चहा मागवला. मी काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "तीनदा सांगितलं मी वॉकी-टॉकीवर. तण्णी वरुदु सार, अजून पाणी येतंय. अप्पा म्हणाले, थोडंसं असेल, बंद कर, मला वरून फोनवर फोन येतायत." आवाजात राग नव्हता. कालची हवा सांगावी तसं सांगत होते.

घाई मी समजू शकते, अप्पा. मीही कारखान्यांतच काम करते. पण चौकशीच्या खोलीत कसली घाई होती? तिथे बसायला खुर्ची होती, समोर पाण्याचा ग्लास होता, विचार करायला वेळ होता. तुमची नोकरी कायमची होती. फार तर बढती लांबली असती. निवृत्तीच्या दिवशी तुम्हाला शाल घातली, तेव्हा पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला आता लाज वाटते.

हे मी कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. एवढंच सांगायचं राहिलंय. निघताना मामांनी विचारलं, "त्या दिवशी मी आलो होतो, तेव्हा अप्पा खरंच घरी नव्हते का मा?" तुमच्यावर इतकी चिडलेली मी, त्यांच्याकडे बघून म्हणाले, "नव्हते."