ज्यांची किल्ली पातेल्यात नाही

मी, बालाजीराव वेंकोबाराव, वय चोपन्न, व्यवसाय वार्ताहर, राहणार वेस्ट मांबलम, चेन्नई, कुणाच्या दडपणाखाली नसताना आणि कॉफीखेरीज काही घेतलेले नसताना हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. हृदयाबद्दल विचारले की ते खिडकीबाहेर पाहतात. जन्मभर इतरांच्या निधनाच्या बातम्या चार ओळींत बसवल्या, तेव्हा स्वतःपुरते थोडे पाल्हाळ चालवून घ्यावे.

१. बँकेतली ठेव आणि संस्कृत ग्रंथ माझी भाची नित्या हिला. ती तांबरमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. ग्रंथ विकावे लागले तर न्यायशास्त्राचे शेवटी विकावेत. समोरच्याचे म्हणणे त्याच्याहून नीट मांडता आल्याशिवाय ते खोडायला जाऊ नये, एवढे तरी मी त्यांतून शिकलो.

२. तळमजल्यावरचा माझा फ्लॅट. याला इतिहास आहे.

हा फ्लॅट माझी आत्या सकवारबाई हिचा. मागच्या अंगणातली विहीर तिच्या खरेदीखतात फ्लॅटबरोबरच लिहिली आहे. मात्र ती ठेवायची की बुजवायची हे इमारतीच्या सभेने ठरवायचे, असेही त्यातच आहे. आत्याने मागच्या भिंतीतले दार उघडे ठेवले होते. भिंतीपलीकडच्या झोपड्यांतल्या बाया त्यातून येत आणि घागरी भरून नेत. पाऊस रुसल्यापासून पाण्याची लॉरी त्यांच्या गल्लीत वळतच नाही, तेव्हापासून तर ही विहीर हाच त्यांचा आधार.

सभेत भांडणे फार होत, म्हणून माझ्या विनंतीवरून नित्याने एक रीत घालून दिली. सर्वांनी आपापल्या घराची किल्ली एका पितळी पातेल्यात टाकायची, वर फडके घालायचे आणि न पाहता एक उचलायची. ज्या घराची किल्ली हाती येईल त्या घराच्या बाजूने बोलायचे. आपण कोण हे विसरल्याशिवाय न्याय काय ते कळत नाही, हा तिचा सिद्धान्त. रीत चांगलीच होती. वरच्या मजल्यावरचे नारायणस्वामी आमच्या तुंबलेल्या मोरीबद्दल इतक्या कळकळीने बोलले की आम्हालाच संकोच वाटला.

आत्याने मात्र किल्ली टाकली नाही. ती आपल्या तंजावरच्या जुन्या मराठीत एवढेच म्हणाली, "ज्यांची किल्लीच नाहीं, तेंचे कोण बोलणार, सांगा पाहूं." आम्ही हसलो. म्हातारी हट्टी, असे ठरले.

ती गेल्यावर फ्लॅट माझ्या नावावर झाला, आणि सेक्रेटरी शेषाद्री यांनी विहीर बुजवून गाड्या लावायला जागा करण्याचा ठराव मांडला. किल्ल्या टाकल्या, उचलल्या, आणि पातेल्यात एक उरली. लोखंडी, जुनी, ओली. प्रत्येक दाराला लावून पाहिली, कुठेच बसेना. कुणीतरी म्हणाले, एखाद्या सुताराची राहिली असेल. नारायणस्वामींनी सर्वांदेखत ती विहिरीत टाकली आणि सभेने ठराव पुढे ढकलला.

पुढच्या सभेत ती पुन्हा पातेल्यात होती आणि शेषाद्रींच्या हाती आली.

शेषाद्री तमिळ. शेजाराला इतकी वर्षे झाली तरी त्यांच्या मराठीची मजल "बरं"च्या पुढे गेलेली नाही. त्यांनी किल्ली मुठीत धरली आणि तंजावरच्या जुन्या मराठीत, ठसक्यासकट, म्हणाले, "भिंतीपलीकडच्यांस तहान लागत नाहीं की काय रे?" त्यांच्या मनगटावरून पाणी ओघळत होते. नंतर त्यांनी मूठ उघडली, ती रिकामी होती. त्यांनी पंखा वाढवायला सांगितले आणि आपण काय बोललो ते विचारले. कुणी सांगितले नाही. ठराव पुन्हा पुढे गेला. आता तो तमिळ नववर्षानंतरच्या सभेत येईल, आणि त्या सभेत मी असेनच असे नाही.

मी यावर पुष्कळ विचार केला. मेलेल्या माणसाच्या भरवशावर जिवंतांना पाणी मिळावे ही व्यवस्था मला पसंत नाही. आत्या काही कायमची यायची नाही. तिला कंटाळा लवकर येतो.

म्हणून हा फ्लॅट, विहिरीतल्या हक्कासह आणि सभेतल्या मतासह, भिंतीपलीकडे राहणाऱ्या, आमच्या कपड्यांना इस्त्री करणाऱ्या वसंता हिला पूर्ण मालकीने देत आहे. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "घर कशाला, सार? पाणी राहू द्या म्हणजे झालं."

"घर नसलं तर पाण्याबद्दल बोलायला बोलावत नाहीत, वसंता."

तिने इस्त्री उभी केली, विचार केला, आणि सभेत खुर्ची मिळते की खाली बसावे लागते ते विचारले. खुर्ची मिळते. ती पाठ असलेली असावी, ही माझी सूचना समजावी.

नित्याला घराची आशा होती. तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मामा, मी वर्गात शिकवते ते तुम्ही असं अंगावर आणाल असं वाटलं नव्हतं." तिने हरकत घेतलेली नाही. रागावली आहे, ते वेगळे.

३. माझी गाडी लावायची जागा शेषाद्रींच्या वापराला द्यावी. माझ्याकडे स्कूटर आहे, तीही ढकलावी लागते. त्यांची नवी मोटार पाहिली की गल्लीतल्या गायींनाही संकोच होतो.

हे सारे मी शेषाद्रींना तमिळमध्ये वाचून दाखवले. त्यांच्या तोंडून काय निघाले होते ते त्यांना आजच कळले. ते आपल्या मनगटाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "राव, माझं अर्धंच लिहिलंत. विहिरीचा कठडा फुटलाय. माझा नातू त्यातून वाकून पाहत होता, मी मागून धरला. गाडीचं मी मोठ्यानं बोललो, कारण भीतीचं बोलायला लाज वाटली." हे मला खरेच ठाऊक नव्हते. ते त्यांच्या शब्दांत इथे लिहिले, पुन्हा वाचून दाखवले, आणि त्यांनी मान हलवली. तरीही विहीर बुजवावी असेच त्यांचे मत आहे. तेही लिहिले.

४. वरील ठेवीतून आधी कठडा बांधून विहिरीवर लोखंडी जाळी बसवावी. उरेल ते नित्याला.

५. माझ्या मागे सभेत कुणाच्या तोंडून माझा आवाज निघाल्यास तो इतिवृत्तात घेऊ नये व मत म्हणून मोजू नये. मेलेल्याला मत नाही. वसंता खुर्चीवर बसलेली असताना मी बोलणे ही निव्वळ लुडबूड. मला सभ्यपणे गप्प करावे. एवढ्यावरही मी गप्प बसलो नाही, तर तिला कुणी बोलू देत नाही असे समजावे.

वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

बालाजीराव वेंकोबाराव
वेस्ट मांबलम, चेन्नई
२१ मार्च २००४

साक्षीदार:
नारायणस्वामी (सही)
शेषाद्री (सही, सही करताना पाहिले, मजकूर मान्य नाही, माझे म्हणणे मात्र बरोबर लिहिले आहे)