दुसऱ्या बाजूचा हात

अण्णा, आज अंधेरीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी आंब्याला प्रोब लावलेला पाहिला. खरा हापूस, देठासकट. एका बाजूला आवाज पाठवणारा प्रोब, दुसऱ्या बाजूला तो ऐकणारा, आणि पडद्यावर तुमच्या मशीनवरचाच तो, आवाज पोचला की उठणारा उभा काटा, फक्त आता रंगीत. मी बातमीसाठी गेले होते, वही उघडून गंभीर चेहऱ्याने बसले होते, आणि सगळ्यांच्या देखत मोठ्याने हसले. संशोधन करणाऱ्या बाईंनी विचारलं, "काय झालं मॅडम?" काय सांगणार? की हा प्रयोग घाटकोपरच्या आमच्या स्वयंपाकघरात मी शाळेत असताना झालाय, आणि करणाऱ्याला बायकोने लाटणं घेऊन बाहेर काढलंय?

तो मे महिना मला लख्ख आठवतो. गावाहून पेटी आली आहे, तुम्ही ओतकाम तपासायचं मशीन घरी आणलंय कारण सोमवारी सकाळी थेट मुलुंडला काम आहे. आई पेंढ्यातून आंबे काढून पुसतेय. तुम्ही एक आंबा उचलता, दोन्ही गालांना खळ फासता आणि मला म्हणता, "ह्यो धर गो हयसून." काटा उठतो आणि लगेच बसतो. "ह्याच्यात साको असा," तुम्ही डॉक्टरच्या थाटात सांगता. आई कापते. आत खरंच तो पांढरा, रबरासारखा भाग. तुमचा चेहरा काय फुलला होता! मग दुसरा आंबा, त्यालाही साका आहे म्हणालात, आणि तो निघाला अगदी केशरी, निर्मळ. आई म्हणाली, "आंबे खावचे आसतत, तपासूचे नसतत. आणि माझ्या मैद्याची परत खळ केलास तर बघा." कारण खळ आईच्याच मैद्याची असायची, तिच्याच पातेल्यात शिजवलेली. प्रोब आणि वस्तू यांच्यामध्ये केसाइतकी हवा राहिली तरी आवाज पुढे जात नाही, म्हणून काहीतरी ओलं, चिकट लावावं लागतं. गुळगुळीत पोलादाला तुम्ही तेल वापरायचात, खडबडीत ओतकामाला खळच बरी म्हणायचात.

आजच्या बाईंचंही तुमच्यासारखंच आहे. काही आंबे बरोबर ओळखता येतात, काही फसवतात. "अजून खात्री नाही, प्लीज मोठा मथळा देऊ नका," त्या म्हणाल्या. पण त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखलं. पेटी उघडल्यावर तुमच्या डोळ्यांत असायचं तेच.

आणि त्या एकट्या नव्हत्या! खोलीत पाच जण होते, पाच वेगळ्या विषयांचे, आणि पाचही जण एकाच गोष्टीच्या मागे: इकडून आवाज सोडायचा, तिकडे ऐकायचा, आणि मध्ये त्याचं काय झालं यावरून आत काय आहे ते सांगायचं. एक स्थापत्यवाला जुन्या इमारतींचे खांब ऐकतो. एक वनस्पतीवाली रस्त्याकडेच्या झाडांची खोडं ऐकते, आतून पोकळ झालेलं झाड वादळाआधी कळावं म्हणून. एक मुलगा खाडीच्या पाण्यातून या काठावरून त्या काठाला आवाज पाठवतो आणि त्याला लागलेल्या वेळावरून पाणी किती तापलंय ते सांगतो. अख्खी खाडी त्याची वस्तू, अण्णा! आणि एक हाडांचे डॉक्टर. हे सगळे एकमेकांना खळीबद्दल विचारत होते. म्हणजे जेल, ग्लिसरीन, काय काय, पण मुद्दा खळीचाच. झाडवाली डॉक्टरांना म्हणाली, "सर, तुमचं बरंय, तुमचा पेशंट साल सोडत नाही." मी भराभर लिहीत होते आणि मनात म्हणत होते, अण्णा आज असते तर या माणसांमध्ये बसले असते. विक्रोळीच्या गाळ्यात बिडाच्या ओतकामाला कान लावण्यात तुमचा जन्म गेला आणि तुम्ही स्वतःला फक्त "टेस्टिंगवाला" म्हणायचात. तुम्ही कशाच्या दाराशी उभे होतात ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. मीसुद्धा नाही, कारण मलाही आजच कळलं.

डॉक्टर म्हणाले, या, तुमची टाच बघू. मी चप्पल काढली. टाचेच्या दोन्ही बाजूंना प्रोब, मध्ये माझं पन्नाशी ओलांडलेलं हाड. काटा उठलाच नाही. खोटं कशाला बोलू. झालं, आतून पोखरलेय मी, असंच वाटलं. डॉक्टरांनी मात्र माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारच्या सहायकाला म्हणाले, "हात हलला का रे?" तो म्हणाला, "हो सर, थोडा." इतकं सहज! पुसलं, नवा जेल लावला, पुन्हा टेकवलं, आणि काटा उभा राहिला. सगळे हसले. मीही हसले. पण टाच पुसताना माझा हात थांबला.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाचे गणपती. तुमचा जोडीदार गावी गेलेला, काम तातडीचं, पलीकडचा प्रोब धरायला माणूस नाही. मीच म्हटलं, मी येते. छापखान्याच्या यंत्राचा बिडाचा बेड, म्हणजे तळाचा ओतीव भाग होता, माझ्या छातीपर्यंत उंच. तुम्ही अलीकडे, मी पलीकडे, तुम्ही फक्त आवाजावरून कळत होतात. "फुडे. आजून फुडे. थांब." तासभर सगळं ठीक चाललं. मला वाटत होतं, जन्मभर हेच करावं. मग तुमचा आवाज बदलला. "काटो पडलो. हात हललो काय गो?"

"नाय," मी म्हटलं.

जोडीदार असता तर तुम्ही त्याच्या उत्तरावर थांबला नसतात. खळ पुसायला लावली असतीत, नवी लावून तीनदा घेतलं असतंत. तुमची रीतच होती ती. माझ्या बाबतीत एकदाच विचारलंत, आणि आत दोष आहे म्हणून खडूने फुली मारलीत.

फाउंड्रीच्या शेठनी ती फुली मानली नाही. त्यांनी बेड तिथेच कापायला लावला. आतून आरशासारखा साफ. "साहेब, मशीन म्हातारा झाला का तुमचा?" ते सगळ्यांसमोर म्हणाले. तुम्ही म्हणालात, "मशीन चोख आसा. मी चुकलंय." तुमच्या खडूवर त्याआधी कुणी शंका घेतली नव्हती. पुढे कितीतरी महिने तुम्ही फुली मारलीत की गाळ्यातलं कुणीतरी म्हणायचं, "कापून बघूया ना, अण्णा?" घरी आईने विचारलं तेव्हाही तुम्ही तेच सांगितलंत, चूक माझी. मी तुमच्या पानात भात वाढत होते. वाढत राहिले. नंतर मशीनच्या पेटीच्या झाकणात तुम्ही एक कागद चिकटवलात: काटा पडला तर माणसाला विचारू नये, खळ बदलून तीनदा पाहावे. मला पुन्हा बोलावलं नाहीत. त्या कागदाचा अर्थ मी कधी विचारला नाही.

आजची बातमी सहाच्या आत दिली. आंबा आहे तिच्यात, खाडी आहे, टाचही आहे. आठशे शब्दांत तुम्ही कुठेच नाही. तिथे तुम्हाला ठेवायला जागा नव्हती, आणि जागा असती तर मला पुढचंही लिहावं लागलं असतं. म्हणून हे वेगळं लिहितेय, जे कुठे द्यायचं नाही. वाटलं होतं, आंब्याचं सांगून थांबेन. पण त्या सहायकाने किती सोपं करून टाकलं सगळं.

हात हललो होतो, अण्णा. घाम डोळ्यात गेला म्हणून मी तो पुसला. प्रोब परत टेकवला, पण खळीत हवा शिरली होती. मला कळलं होतं. हो म्हटलं तर तुम्ही पुन्हा नेणार नाही, एवढंच मनात आलं.