चुलीमागची गळती

वेंडेल, आपल्या राहत्या गाडीचं दार उघडायच्या आधी हे वाच आणि सिगारेट विझव. आत गॅस साचलाय. सिलिंडर मी बंद केलाय, पण दिव्याच्या बटणाला हात लावू नकोस.

चुलीमागच्या गॅसनळीच्या जोडाला काय लावलंयस ते पाहिलं. तू चघळलेला च्युइंगगम! शी! आणि वर गॅस गळला की वाजणाऱ्या भोंग्याची वायरही कापलीस, कारण म्हणे झोपमोड होते.

काल विचारलं, "गळती थांबली ना?" तर सॉसेज चावत म्हणालास, "एकदम पक्कं काम, राणी." त्या भरवशावर आज काडी ओढणार होते, तेवढ्यात वास आला.

मी शेजारी लोरेटाच्या गाडीत आहे. मेकॅनिक आणल्याशिवाय मला न्यायला येऊ नकोस. लोरेटा म्हणते, "तुझा नवरा मनाने चांगला आहे." असेल, पण त्या गाडीत झोपावं मला लागतं.

डोरीन