म्यानाच्या आतला काळा डाग

मी, खाली सही करणारी, वय चोवीस, चामड्याच्या कारागिराची धाकटी मुलगी आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. काळजीचे कारण नाही, असे म्हणत डॉक्टरांनी दोन कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. तिसरा कागद मी स्वतःच लिहायला घेतला.

१. माझ्या नावावर घर नाही. आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण, त्यातली पुस्तके आणि बँकेत जे काही असेल ते आईचे. आई माझ्याकडून अक्षरे शिकते आहे, ‘ठ’पर्यंत आली आहे. पुढची दादाने शिकवावीत. आई चुकली तर त्याने हसू नये.

२. कातड्याला भोके पाडायच्या माझ्या दोन्ही आऱ्या, हाडाची पट्टी आणि दोऱ्याला लावायचा मेणाचा गोळा दादाला. तो आता चामड्याच्या कारखान्यात मुख्य कारागीर आहे; मुख्य कारागिराकडे निदान स्वतःची आरी असावी.

३. आता म्यान. बाबांच्या जुन्या चाकूसाठी ते मी केले. झाडाच्या सालीत कमावलेले जाड कातडे कोमट पाण्यात भिजवले, चाकूभोवती शिवले, हाडाच्या पट्टीने दाबून पात्याचा आकार उठवला आणि चाकू आत ठेवूनच सुकू दिले. घाईत पात्याला मेणकागद गुंडाळायचा राहिला. सकाळी चाकू ओढला तर पाते गंजलेले आणि ओल्या कातड्यातल्या सालीच्या रसाला लोखंड लागून आतून काळा डाग. पात्याला टोकाजवळ एक खाच आहे, तीसुद्धा डागात जशीच्या तशी उमटलेली.

बाबा पोट धरून हसले. “काय पदवीधर बाई, पुस्तकात कागद गुंडाळायचा धडा नव्हता वाटतं?”

“होता. मी त्या दिवशी गैरहजर होते,” मी म्हणाले.

डाग बाहेरून दिसू नये म्हणून मी चिंधीने गडद तपकिरी रंगाचे तीन हात दिले. ते सगळे बाबांनी शेजारी बसून पाहिले. दादा तेव्हा बाहेरगावी होता.

पुढच्या महिन्यात कारागीर संघाच्या प्रदर्शनात ते म्यान काचेखाली होते आणि चिठ्ठीवर दादाचे नाव होते. परीक्षकांनी विचारले, इतका गडद रंग का? दादा म्हणाला, “मला आवडतो.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले, त्याचा मला अजून राग आहे.

घरी मी जाब विचारला, तर दादा म्हणाला, “मी कुठं म्हटलं मी केलं? नाव बाबांनी दिलं.” आणि बाबा जेवता जेवता म्हणाले, “अगं, तू शिकलेली. तुला शंभर दारं उघडी आहेत. त्याला हे एकच. घरातल्या घरात माझं-तुझं काय करायचं?” दादाला कारखान्यातली ती मुख्य कारागिराची जागा त्याच म्यानावर मिळाली.

दादाची नोकरी जावी असे मला वाटत नाही. पण मला लहानपणापासून खरे बोलायला ज्यांनी शिकवले, त्यांनीच माझे नाव खोडले. मी त्यांचेच ऐकून मोठी झाले, त्यामुळे मला हे गिळता येत नाही.

म्हणून म्यान मी कारागीर संघाला देते. अट एकच: चिठ्ठी बदलावी. शंका असेल त्यांनी शिवण उसवून आत पाहावे. डाग तिथेच आहे. मात्र तो कोणाच्या चुकीने पडला हे कातडे सांगणार नाही. माझ्याशिवाय ते सांगू शकणारा माणूस एकच आहे.

४. बाबांना मी काहीही ठेवत नाही. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, नाहीतर त्याच्या साक्षीवर शंका घेतली जाते, असे वकीलबाई म्हणाल्या. मला बाबांकडून साक्षच हवी आहे. वर लिहिलेले वाचून, खरे असेल तर, त्यांनी खाली सही करावी.

ठिकाण: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदला दिवस, दुपारी चार.

लिहिणारीची सही: केली आहे.

साक्षीदार १: वॉर्डातल्या सिस्टर. सही केली आहे.

साक्षीदार २: ही जागा बाबांची. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि “चष्मा घेऊन येतो” म्हणून खाली गेले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता. पेन मी उघडे ठेवले आहे.