शाफ्टवरचं कव्हर

१४ ऑक्टोबर
पुन्हा ढग. द्राक्षावर डावणी रोग येईल म्हणून यांना भाऊजी ट्रॅक्टरवरून उतरूच देत नाहीत. धाकटा भाऊ आहे की बैल? ट्रॅक्टरमागचा औषध फवारायचा ब्लोअर फिरवणारा शाफ्ट उघडाच. ग्रीस मारताना आडवं येतं म्हणून भाऊजींनीच कव्हर काढून टाकलं. मी म्हटलं, बसवून घ्या. तर, "तू भाकरीचं बघ." हे टाकीत औषध ओतत राहिले.

१६ ऑक्टो.
यांचा उजवा हात गेला. कोपरापासून खाली. नोझल तुंबलं, इंजिन चालू ठेवूनच उतरले. बंद करायचं नाही, वेळ जातो, हा भाऊजींचा हुकूम. रेनकोटची बाही शाफ्टनं ओढली. निफाडहून नाशिकला आणलं. लिहवत नाही.

१७
भाऊजी वॉर्डात, सगळ्यांदेखत: "एवढा ढगळ रेनकोट घालून शाफ्टजवळ कोण जातं?"
रेनकोट त्यांचाच जुना. आजपासून या वहीत त्याला अहोजाहो नाही.

१९
हवालदार जबाब घ्यायला आले. हे म्हणाले, "माझंच लक्ष नव्हतं." कव्हरचं नाव नाही. ते गेल्यावर विचारलं, खोटं कशाला?
"दादानं लहानाचं मोठं केलंय मला."
"मग हातही त्याच्याकडूनच मागून घ्या."
रडले. मी नाही.

२३
आईला वॉर्डात बसवून कपड्यांसाठी घरी आले. बागेत ब्लोअर चालू. पेठकडचा नवा ड्रायव्हर, नामदेव. शाफ्ट तसाच उघडा, याच्या गळ्यात टॉवेल लोंबतोय. थांबवलं. "कव्हर?"
"मालक बोलला, लागत नाय."
आधीच्या माणसाचं काय झालं ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. खाली उतरला, टॉवेल काढून घडी करत राहिला. मी चावी काढून घेतली.
भाऊजी धावत आला. "चावी दे. बाग जाईल."
"आधी कव्हर बसव."
तोंडावर पहिल्यांदाच अरेतुरे. म्हणाला, "बाग तुझ्या नवऱ्याचीपण आहे. गेली तर खाशील काय?"
तेही खरंच. म्हणून तर जास्त चीड येते.

२४
पानांवर डावणीचे पिवळे डाग दिसायला लागले. जाऊबाई बोलत नाहीत, चुलीजवळ फिरकू देत नाहीत. चावी माझ्याकडेच.
संध्याकाळी यांचा फोन. "दादाला चावी दे. माझी शपथ आहे तुला."
म्हटलं, "हवालदाराला बोलवा. खरं सांगा. मग देते."
यांनी फोन ठेवला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता.
मीही ठेवला नाही.